खिडकीला हरकत कोणाची?

१

फाईल जागेवर होती. तिच्यातलं नऊ नंबरचं पान तेवढं गेलं होतं.

मला हे कळलं गुरुवारी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. देवकाबाई दुपारी चपलेसकट माझ्या घरात शिरली. ही बाई देवळाच्या चार पावलं अलीकडेच चप्पल काढणाऱ्यातली. काहीतरी जबर घडलंय हे तिनं तोंड उघडायच्या आधीच मला समजलं. हातातला कागद तिनं माझ्या पुढ्यात टाकला.

"वाचा सुलोचनाबाई. खिडकी बुजवा म्हणते ते लोकं."

बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाची नोटीस होती. बाजूच्या भिंतीत काढलेल्या खिडकीबद्दल तक्रार आली आहे. शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र फाईलमध्ये आढळत नाही. सोमवारी सुनावणीला ते मूळ पत्र हजर करावं, नाहीतर खिडकी विटांनी बुजवून भिंत पूर्ववत करावी.

आमचा लेआउट वर्ध्याच्या कडेला आहे. प्लॉट अरुंद, आणि दोन घरांमध्ये सोडलेली जागा म्हणजे एक माणूस आडवा चालेल एवढीच. आमच्या कार्यालयाचा दंडक असा की इतक्या जवळ शेजाऱ्याच्या अंगणाकडे तोंड करून खिडकी काढायची तर त्या शेजाऱ्याची लेखी संमती हवी. ती संमती होती. शेजारच्या विमलाबाईनं जानेवारीत सही करून दिली होती. पण विमलाबाई मृगात वारली. गेलेल्या बाईची दुसरी सही कुठून आणायची?

खिडकी होती रूपरावभाऊंसाठी. देवकाबाईचा नवरा, तीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं डावं अंग गेलं आणि माणूस खाटेला लागला. खोली अशी अंधारी की भर दुपारी दिवा लावावा लागे. देवकाबाई अंगणवाडीत मदतनीस. तिथलं काम आटपून ती सहा महिने कार्यालयाच्या पायऱ्या चढली आणि परवानगी मिळवली. होळीला खिडकी बसली. त्याच आठवड्यात खिडकीत कुलर बसला, कारण आमच्याकडे खिडकी म्हणजे उन्हाळ्यात कुलरचीच जागा. नागपंचमीला कुलर निघाला, तेव्हा कुठे भाऊंना बाहेरचं आभाळ दिसलं.

"तीस वर्सं खिडकीपाशी बसलेला माणूस हाय तो," देवकाबाई म्हणाली. "आता त्याले भिंत दाखवत मारू का मी?"

"पत्राची झेरॉक्स?"

"नाई काढली."

मी तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं. निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षं मी त्याच कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. नवऱ्यापेक्षा जास्त संसार मी फायलींशी केला, आणि खरं सांगायचं तर फायलींनी मला कमी छळलं. झेरॉक्स न काढणाऱ्या माणसाची मला दया येत नाही. देवकाबाईची आली.

"धनंजयनंच केलं हे," ती म्हणाली. धनंजय म्हणजे विमलाबाईचा मुलगा. आई गेल्यावर प्लॉट त्याच्या नावावर आला होता. "थो त्या बाजूनं खोल्या काढाले पाहून राह्यला. खिडकी असली तं त्याले अडचण."

मलाही तसंच वाटलं. माझं डोकं पहिल्यांदा चुकलं ते तिथंच.

२

शुक्रवारी सकाळी मी कार्यालयात गेले. बांधकाम परवानगीच्या टेबलावर अंकुश बसतो. तो नवीन लागला तेव्हा फाईल कशी शिवायची हे मीच त्याला शिकवलं होतं. मला पाहून तो उठला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाईल काही काढेना.

"अंकुश, मी चहा प्यायला ऑटोनं आलेली नाही."

फाईल आली. अनुक्रमणिकेत स्वच्छ लिहिलं होतं: पान नऊ, ना-हरकत पत्र. आठ होतं, दहा होतं. मधे दोऱ्याखाली कागदाचे दोन चिमुकले तुकडे अडकून राहिले होते. म्हणजे पान सोडवून काढलेलं नव्हतं, ओढलेलं होतं. कार्यालयातला माणूस असं करत नाही. त्याच्याजवळ वेळ असतो, कात्री असते आणि मुख्य म्हणजे पुन्हा शिवायचा दोरा असतो.

दहाव्या पानाच्या कडेला एक डाग होता. कागद तेवढ्या जागी पारदर्शक झालेला. मी नाकाशी नेला. तेल, आणि त्यात लसूण.

"हे काय?"

"डब्याचं असन मॅडम. जेवताना लागलं असन."

"तुझ्या डब्याचं?"

चातुर्मासात अंकुशच्या घरात कांदा-लसूण शिरत नाही. हे सगळ्या कार्यालयाला माहीत आहे, कारण तोच सगळ्यांना सांगतो.

"फाईल बाहेर गेली होती का?"

"नाई जी. टेबल सोडून कुठंच नाई." हे सांगताना त्यानं कपाळ पुसलं. वर पंखा चालू होता.

मी तक्रारअर्ज मागितला. निनावी होता, टपालानं आलेला, खाली 'एक नागरिक' एवढंच. आवक शिक्का नागपंचमीनंतर दहाव्या दिवसाचा. निळ्या पेनानं तीनच ओळी: खिडकीमुळे त्रास होतो, तरी ती बंद करावी. अक्षर ठसठशीत, ओळी मात्र उतरत गेलेल्या. डाव्या वरच्या कोपऱ्यात पाणी पडून वाळल्याचा गोल डाग होता, पेल्याच्या बुडाएवढा. त्या गोलात एकही अक्षर नव्हतं.

"नाव नसलेला अर्ज तुम्ही कधीपासून घ्यायला लागलात?"

"नवे साहेब सगळंच घेते मॅडम. मी काय करू?"

मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला, आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तेलाचं साहेबाले नका सांगजा."

अंकुश खोटं बोलत होता, एवढं नक्की झालं. कोणासाठी, ते कळेना.

३

त्याच दुपारी मी धनंजयकडे गेले. तो कापसाच्या अडत्याकडे काट्यावर असतो आणि जेवायला घरी येतो. आडवातिडवा गडी. बोलायला गोड, आणि मला गोड बोलणाऱ्याचा नेहमीच संशय येतो. त्याची बायको छाया अंगणात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. समोर हाताच्या अंतरावर ती खिडकी. गजांमागे रूपरावभाऊंचा पांढरा चेहरा दिसत होता.

"मी कायले अर्ज करू काकू?" धनंजय म्हणाला. "कराचा असता तं उन्हाळ्यात केला असता. थो कुलर रात्रंदिवस आमच्या अंगणात घरघर करे. पाणी गये, चिखल होये. आईनं तवा मले गप्प बसवलं. आता कुलर काढल्यावर कायचा तरास?"

"मग खिडकी राहिली तर चालेल तुला?"

"बुजली तं बरंच हाय. दुसऱ्याच्या घरात डोकावाची काय गरज हाय म्हाताऱ्याले?" तो हसला. पण हे बोलताना त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात छाया म्हणाली, "राहू द्या ना जी खिडकी."

"तू आत जाय," धनंजय म्हणाला.

ती आत गेली नाही. सूप हलवत राहिली. डाळ केव्हाच निवडून झाली होती. त्यात खडा सोडा, फोलपटही उरलं नव्हतं, आणि ही बाई तीच डाळ पुन्हा पुन्हा पाखडत होती. धनंजयनं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहायचं टाळलं आणि चूळ भरायला निघून गेला.

"छाया, तुला काही माहीत आहे का त्या पानाचं?" मी विचारलं.

"मले काईच माईत नाई." तिनं मान खाली घातली. "खिडकी खरंच बंद होते का, सोमवारी?"

"पत्र नाही सापडलं तर होईल."

तिच्या हातातलं सूप थांबलं. शेजाऱ्याच्या खिडकीसाठी एवढं घाबरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. ज्याचा प्लॉट त्याला पर्वा नाही, आणि जिचं काही नाही तिचा जीव टांगणीला. पान हिनंच दडवलं असेल का, आणि आता पस्तावली असेल? संध्याकाळभर माझं तेच चाललं होतं. पण एक गाठ सुटेना. विमलाबाईनं दिलेलं पत्र छायाच्या हाती लागलंच कसं? फाईल तर 'टेबल सोडून कुठंच' गेली नव्हती.

४

शनिवारी सकाळी रुखमा वाटेत भेटली. ती हिंगणीकडची, इथे बाळंतिणींना आणि आजारी माणसांना तेल लावायची कामं करते. रूपरावभाऊंची मालिश तीच करते. तिच्या पिशवीत बाटली होती आणि बाटलीतून वास येत होता. मी रस्त्यातच थांबले.

"रुखमा, यात काय टाकतेस?"

"तिळाचं तेल हाय बाई. लसून जाळतो त्यात. आखडलेल्या अंगाले बरं राह्यते."

"भाऊंना लावतेस?"

"रोज. उजव्या हातानं भाऊ सोताच लावून घेते थोडं थोडं, डाव्या हाताले. म्या म्हटलं, लावत जा, तेवढीच कसरत."

मी तिथूनच अंकुशला फोन लावला. बत्तीस वर्षं नोकरी केलेली वरिष्ठ बाई जेव्हा 'खरं सांग' म्हणते, तेव्हा माणूस सांगतो. गणपतीत स्थळपाहणी झाली होती. अंकुशनं नोंद न करता फाईल बगलेत मारून नेली होती, आणि नियमानं ते चालत नाही, म्हणून तो घाबरला होता. तिथं त्यानं भाऊंना पानं उलटून दाखवली, "काळजी नका करू, हे पान नऊ आहे तोवर खिडकीले कोणी हात नाई लावत," असं सांगितलं, फाईल खाटेवर ठेवली आणि अंतर मोजायला बाहेर गेला. परत आल्यावर फाईल न पाहताच उचलली.

रुखमा अजून तिथंच उभी होती.

"काय झालं बाई? भाऊचं पेन्शनीचं काई अडलं का? पाकीट तं म्या पोस्टाच्या पेटीत टाकलं होतं."

"कोणतं पाकीट?"

"पोळ्याच्या आधी देल्तं ना त्याहीनं. म्हणे पेन्शनीचा कागद हाय, देवकाले नको सांगजो, ते उगाच काळजी करते."

मी शेजारच्या ओट्यावर बसले.

५

भाऊ खाटेवर होते. देवकाबाई अंगणवाडीत. खिडकी उघडी होती आणि पलीकडे छाया कालच्याच जागी बसून कपडे घडी करत होती. मी स्टूल जवळ ओढलं.

"भाऊ, धनंजयला त्रास झाला असता तर तो उन्हाळ्यात झाला असता. कुलर वाजत होता, पाणी गळत होतं. अर्ज आला कुलर निघाल्यावर. बाहेरच्या माणसाचा त्रास तेव्हा संपला होता. मग तेव्हा कोणाचा सुरू झाला? जो आत आहे त्याचा. कुलर होता तोवर त्याला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं."

भाऊ छताकडे पाहत राहिले.

"अर्जावर पेल्याचा डाग आहे. आपण लिहिताना कागद डाव्या हातानं धरतो. ज्याचा डावा हात चालत नाही, त्याला काहीतरी वजन ठेवावं लागतं. पान नऊ ओढून काढलंय, कारण एका हातानं दोरा सुटत नाही. आणि पान दहाला तुमच्या मालिशचं तेल आहे."

मला राग आला होता. त्या बाईनं सहा महिने पायऱ्या झिजवल्या, आणि यानं एका पाकिटात त्यावर पाणी फिरवलं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"का केलंत हे, भाऊ?"

त्यांनी उजवा हात उशीच्या खोळीत घातला आणि चौपदरी कागद काढला. विमलाबाईची वेडीवाकडी सही त्यावर होती. पान नऊ.

"फाडून टाकाचं होतं," ते म्हणाले. "नाई फाडवलं. देवकाचे पाय दिसले त्यात." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "थो तिले मारते, बाई. धनंजय. विमलाबाई होती तवर तिचा धाक होता. कुलर काढला त्या हप्त्यात म्या पाह्यलं. इथं, या अंगणात. दोनदा. तिसऱ्यांदा म्या वरडलो. त्यानं माह्याकडे पाह्यलं अन् तिले धरून आत नेलं. मंग नुसता आवाज."

खिडकीपलीकडे कपड्यांची सळसळ थांबली होती. मला ते जाणवलं, त्यांना नाही.

"देवकाबाईला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं ते गेली असती तिथं. त्यानं तिच्यावर हात टाकला असता तं म्या काय केलं असतं? खिडकीतून पाह्यलं असतं?" ते म्हणाले. "तीस वर्सं गाडी चालवली. समोर कोणी आडवं आलं का पाय आपोआप ब्रेकवर जाये. इचार नाई करा लागे. आता रोज कोणीतरी आडवं येते बाई, अन् पाय जात नाई. त्यापरीस मले भिंत द्या."

मी त्यांच्यावर रागावले होते याची मला लाज वाटली. तीन दिवस मी कोणाकोणावर संशय घेतला होता, आणि धनंजयवर घेतला तो भलत्याच गुन्ह्याचा.

६

दारात देवकाबाई उभी होती. शनिवारी अंगणवाडी लवकर सुटते, हे मी विसरले होते. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. ती रडली नाही. नवऱ्याकडे पाहत राहिली, मग माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी केला आणि परत माझ्याच हातात दिला.

"हा सोमवारी फायलीत लावजा," ती म्हणाली. मग भाऊंना म्हणाली, "तुमचा पाय नाई जात ना? माया जाते."

"देवका, थांब."

ती थांबली नाही. घराला वळसा घालून ती शेजारच्या अंगणात शिरताना आम्हाला खिडकीतून दिसली. छायाजवळ ती मांडी घालून बसली आणि घडी न केलेला एक टॉवेल उचलून घडी करायला लागली.

"काऊन नाई सांगितलं वं मले?" देवकाबाई म्हणाली.

छायानं हातातला कपडा खाली ठेवला. "काय सांगू मोठीआई. अंगणात नाई मारत थो आता. बाबा वरडले ना त्या दिवशी, तवापासून अंगणात हात नाई उचलत. बाबा पाह्यते म्हणते. आत गेलो का मारते. म्हणून मी दिवसभर इथंच बसतो. स्वयंपाक उरकला का इथंच. कामं नसली तं काढतो. थे खिडकी बुजली तं मी कुठं बसू सांगा?"

माझ्या शेजारी खाटेवर काही हललं. रूपरावभाऊंनी मान वळवली होती. तोंड उघडं होतं, आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"आता एकटी नको बसजो," देवकाबाई म्हणत होती. "तुया भावाले फोन लावू. थो येईस्तोवर मी हाओ. जेवाले बसू, तं दोघी मिळून बसू. अन् ठाण्यात जायचं म्हणशीन तं सुलोचनाबाई हाय, कागद लेहाले."

"लिहिते," मी खिडकीतून म्हणाले. "आणि यावेळी झेरॉक्स काढून ठेवते."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वाजली. धनंजयची जेवायला यायची वेळ झाली होती. छायाचे खांदे आपोआप आवळले. देवकाबाई जागची हलली नाही, टॉवेल घडी करतच राहिली. मी पान नऊ पर्समध्ये टाकलं आणि बाहेर जायला उठले.

"सुलोचनाबाई," भाऊ म्हणाले. आवाज ड्रायव्हरचा होता, मागच्या सीटपर्यंत जाणारा. "आधी खाट पुढं ओढा. पार खिडकीले लावा. मी त्याले पुरा दिसलो पाह्यजे."

मी खाटेचा पाय धरला आणि खाट ओढली.